भागाबाईच्या खिंडीचा ठराव

सुखदेवा,

परवा तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. माझं नाव दोनदा पुकारलं. "सुखदेवभाऊंचे लंगोटीयार, माजी ग्रामसेवक मधुकरराव" असं म्हणून माईक माझ्याकडे केला, तर मी घशाकडे बोट दाखवून नको म्हणालो. लोकांना वाटलं, गडी गहिवरला. गहिवरबिहिवर काही नव्हतं. माझ्या आधी आपल्या शाळेचे मुख्याध्यापक बोलून बसले होते, आणि ते जे बोलले त्यानंतर मला तोंड उघडता येईना.

ते म्हणाले, या माणसाच्या मनाचा मोठेपणा पाहा. डोंगरातल्या खिंडीला स्वतःच्या आईचं नाव मागता आलं असतं, पण गावाच्या एकोप्यासाठी त्यानं दिवंगत पुढारी भाऊसाहेबांच्या नावाला स्वतः अनुमोदन दिलं. ग्रामसभेच्या ठरावात तशी नोंद आहे. विहारात बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या. तुझी लेक प्रज्ञा पहिल्या रांगेत होती. ती उठली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. सभा संपेपर्यंत आत आली नाही.

ती नोंद माझ्या अक्षरातली आहे. तुला ते माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. आठ वर्षं आपण चहा प्यालो, भांडलो, एकमेकांची टिंगल केली, आणि तेवढी एक गोष्ट टाळली. आता टाळायला तू राहिला नाहीस, तर मी लिहायला बसलोय. शहाणपण सुचलं ते असं, वरात गेल्यावर.

मला एकदा सगळं पहिल्यापासून सांगू दे. तुला त्यातलं काही नवीन नाही, पण कागदावर मी ते कधीच नीट लिहिलं नाही.

अलीकडे आपलं गाव, पलीकडे आपल्याच पंचायतीतली आंबेटेकडी, मधे सागाचा डोंगर आणि त्या डोंगराला पडलेली ती खाच. आमच्या मळ्यातली वांगी आणि सांभाराच्या हिरव्या जुड्या आर्वीच्या बाजाराला न्यायच्या तर तिथूनच. दोन्ही गावांत मिळून सुईण एकच, तुझी माय भागाबाई. पलीकडं कुणाची बाई अडली की सांगावा यायचा आणि भागाबाई हातातलं काम टाकून निघायची. तिकडच्या बाया अंगणात उभ्या राहून डोंगराकडं नजर लावायच्या. खिंडीत तिचं हिरवं लुगडं दिसलं की एखादी आत पळत जाऊन सांगायची, "आली वं बाई, भागाबाई खिंडीत दिसून राह्यली." निम्म्या कळा तिथंच सोसल्या जायच्या म्हणे. त्या दिसण्यावरून खिंडीला नाव पडलं. कुणी ते दिलं नव्हतं. बाजाराला जाणारे, मोहफुलं वेचायला जाणारे, सगळेच भागाबाईची खिंड म्हणायचे. शिवाशिव पाळणारी माझी आजीसुद्धा तेच म्हणायची.

मीही तिच्याच हातावर आलो. तू तेव्हा दीड महिन्याचा होतास. तुला शेजारणीजवळ ठेवून ती आमच्या घरी आली होती. चारचौघांत तू मला सुनवायचास, "याच्यापायी मी दिवसभर उपाशी रडलो बे, मनून माही उंची खुंटली." मग मी म्हणायचो की उंचीचं राहू दे, आवाज तर कमावलास. हे आपलं ठरलेलं होतं, लग्नाच्या पंगतीत आणि एसटीच्या थांब्यावर, कुठंही.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधी एकमत झालं नाही. धम्म घेतल्यावर तुमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी भागाबाईला सांगितलं होतं, आता हे काम सोड, आपण आता कुणाच्या घरची हलकी कामं करत नाही. ती म्हणाली, "मेलेलं ढोर ओढनं सोडलं. जित्ता जीव कायले सोडू?" तुला मोठेपणीही वाटायचं की तिनं सोडायला हवं होतं. मला वाटायचं, तिनं केलं ते थोरच केलं. मी असा तिचा मोठेपणा सांगायला लागलो की तू शांतपणे विचारायचास, "बाळंतपन झाल्यावर तुह्या आजीनं माह्या मायले जेवाले कुठं बसोलं? घरात का आंगनात?" मी म्हणायचो, जुनी गोष्ट आहे. अंगणातच बसवलं होतं, आणि ती उठून गेल्यावर त्या जागेवर गोमूत्र शिंपडलं होतं. आईनं मला ते सांगितलेलं होतं. मी तुला हो म्हणून कधी सांगितलं नाही. एवढा एक शब्द बोलायला मला काय झालं होतं कोण जाणे.

पुढं तू रस्त्यावर मैलकामगार झालास. सायकलला फावडं बांधून दहा किलोमीटरचा तो रस्ता तू सांभाळायचास. खड्डे बुजवायचे, नाल्या मोकळ्या करायच्या, मैलाच्या दगडांना चुना मारून वर काळ्या रंगात आकडे काढायचे. मी ग्रामसेवक झालो आणि शेवटची काही वर्षं आपल्याच गावात आलो. आपल्या गावची बदली नियमात बसत नव्हती. ती विजूभाऊनं करून दिली, भाऊसाहेबांच्या मुलानं. त्याचा शब्द तालुक्याला चालायचा. माझी आई अंथरुणाला खिळली होती, मला गावात असणं गरजेचं होतं, आणि त्यानं एका फोनवर काम केलं. ते उपकार खरे होते, हेही मला इथं लिहिलं पाहिजे.

मग रस्ता रुंद झाला आणि बांधकाम खात्याचं पत्र आलं. नकाशासाठी आणि पाटीसाठी घाटाचं प्रचलित नाव ग्रामसभेच्या ठरावासह कळवावे. मी सभेत पत्र वाचून दाखवलं. तू मागं खांबाजवळ बसला होतास, कामावरून तसाच आलेला. तू उभा राहून म्हणालास, "प्रचलित नाव तं एकच हाय. दुसरं कोनाले माहीत असन तं त्यानं सांगावं." कुणीही दुसरं सांगितलं नाही. आंबेटेकडीची एक म्हातारी म्हणाली, "भागाबाईचंच लिव बापा, आमची अर्धी वस्ती तिच्याच हातची हाय." लोक हसले आणि सभा उठली. दहा मिनिटांचं काम.

आता आपल्याकडे ग्रामसभा कशी होते ते तुला ठाऊक आहे. कायद्यात आधी ठराव, मग सह्या. आपल्याकडे आधी सह्या. माणसं शेताच्या घाईत असतात, सभेला येतात हेच खूप, म्हणून रजिस्टर दारातच ठेवायचं. आला की सही कर नाहीतर अंगठा दे, मग बसायचं तर बस. वरची जागा कोरी सोडायची आणि ठराव सचिवानं नंतर घरी बसून सावकाश लिहायचा. मी नोकरीभर तसंच केलं, माझ्या आधीच्यांनीही तसंच केलं. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही, कारण लिहिणाऱ्यावर भरवसा होता. तू तर सही करताना मान वर करूनही पाहायचा नाहीस. "मधू लिहिते ना, मंग मी कायले वाचू?" असं तू सगळ्यांसमोर म्हणायचास, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजूभाऊ घरी आला. आईची तब्येत विचारली, चहा घेतला. मग म्हणाला, "सेक्रेटरी, घाटाले आमच्या भाऊसाहेबाचं नाव टाका. त्यायच्या वर्षश्राद्धाले पाटी लागली पाह्यजे."

मी म्हणालो, "सभेत लोकायनं भागाबाईचं सांगतलं."

"लोकं सांगतेच. लिहिनारे तं तुमीच ना?" कप खाली ठेवून उठता उठता तो म्हणाला, "आन अनुमोदक सुखदेवले करा. मंग तिकडून कोनी बोलनार नाई."

बदलीचा विषय त्यानं काढला नाही. आवाजही चढवला नाही. त्यानं दम दिला असता तर आज मला तुझ्यापुढं सांगायला काहीतरी असतं. तो गेल्यावर मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं. हात कापला, डोळ्यांपुढं अंधारी आली, असलं काही झालं नाही. नाव भाऊसाहेब घाट, सूचक अमुक, अनुमोदक श्री. सुखदेव, सर्वानुमते मंजूर. 'सर्वानुमते' हा शब्द इतक्यांदा लिहिलेला होता की तो आपोआप उमटला. खाली तुझी टपोरी सही आदल्या दिवसापासूनच होती. ज्या भाऊसाहेबांनी ती खिंड जीपच्या काचेतून पाहिली असेल तेवढीच, त्यांचं नाव तिला मी दिलं. सरकारदरबारी ते आज पक्कं आहे.

चार महिन्यांनी पाटी आली आणि ती रोवायचं काम तुझ्याकडं आलं. ते तुझ्याकडंच येणार हे मला कळायला हवं होतं. मी पंचायत समितीच्या बैठकीला निघालो होतो. खिंडीत तू दोन खड्डे खणून पाटी उभी केली होतीस आणि एका हातानं खांब धरून बुडाशी मुरूम लोटत होतास. मी गाडी थांबवली. तसाच पुढं जाऊ शकलो असतो, पण तू पाहिलं होतंस.

तू म्हणालास, "सेक्रेटरी, तिकडून पाहून सांग बरं, सरळ हाय का."

मी चार पावलं मागं गेलो, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "डावीकडं जरा खाली गेली."

तू डाव्या खांबाखाली दगडाची चीप सरकवलीस. "आता?"

"आता बरोबर."

आपल्यात त्या पाटीविषयी एवढंच बोलणं झालं. तू माठातलं पाणी दिलंस, मी प्यालो आणि गेलो. रस्त्यावरचा प्रत्येक आकडा स्वतःच्या हातानं रंगवणाऱ्या माणसानं ती पाटी वाचली नसेल, अशी मी बैठकीत बसून मनाची समजूत घालत होतो. सुखदेवा, माझ्या आयुष्यात लाजेच्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण पाटी सरळ आहे की नाही ते मी डोळे बारीक करून पाहिलं, याच्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

त्यानंतर एकदाच तुझ्या बोलण्यात ते आलं. अंगणात का घरात हा आपला जुना वाद निघाला होता. मी नेहमीप्रमाणे जुनी गोष्ट म्हणून हात झटकले. तू म्हणालास, "जुनी हाय मनूनच विचारून राह्यलो. नवी गोष्ट तं मले माहीतच हाय." मी घड्याळ पाहिलं आणि उशीर झाला म्हणून उठलो. तू हसलास. ते हसणं रागाचं असतं तर बरं झालं असतं.

मी रिटायर होऊन पिपरी मेघेला घर बांधलं. प्रज्ञाही नोकरीमुळं तिथंच राहायला आली, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तिला आजीचं फार होतं. पाटीवर आजीचं नाव का नाही, हे शोधायला तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि ठरावाची नक्कल मिळवली. त्यात अनुमोदक म्हणून बापाचं नाव आणि खाली बापाची सही. हे मला तूच येऊन सांगितलंस. पिशवीभर सीताफळं घेऊन आला होतास.

"प्रज्ञीनं कागद काढला," तू म्हणालास.

मी विचारलं, "मंग?"

"मंग काई नाई. मले विचारलं, सही तुमची हाय का. मी मनलं, माहीच हाय."

"आन ती काय म्हणाली?"

"बोलत नाई आता माह्याशी. गावात येते, तिच्या मायले भेटते, जाते."

तू खोटं बोलला नव्हतास. सही तुझीच होती. आणि पुढचं एक वाक्य तू माझ्यासाठी ठेवलं होतंस. अर्धा तास तू बसून होतास, पाहत होतास मी ते बोलतो का. मी काय केलं आठवतं? मी विचारलं, आणखी एक चहा होऊ दे का. तू नाही म्हणालास, पिशवी झटकून घडी केलीस आणि "येजो कधी गावाकडं" म्हणून निघून गेलास. आम्ही ती सीताफळं दोन दिवस खाल्ली.

या महिन्यात तुला सावंगीच्या दवाखान्यात आणलं. आठ दिवस तू तिथं होतास. मी तीनदा आलो. प्रज्ञा तिन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसलेली होती. औषध आणायची, कागदांवर सह्या करायची, डॉक्टरांशी बोलायची, सगळं करायची. आत येऊन औषध द्यायची आणि तुझ्याकडं न बघता परत बाकावर जाऊन बसायची. माझ्याशी नीट बोलायची, काका म्हणायची, मी आणलेला डबा घ्यायची. दुसऱ्या वेळी तू मला विचारलंस, "प्रज्ञी कुठं हाय?" मी म्हणालो, औषधांच्या रांगेत आहे. ती दारापासून पाच पावलांवर होती. मी बाहेर येऊन तिच्याशेजारी बसलोही होतो. पावसाचं बोललो, जेवली का विचारलं. तिसऱ्या वेळी तुला बोलता येत नव्हतं. तरी मी तिला काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी तिचाच फोन आला.

म्हणून काल मी तिच्याकडं गेलो. एक कागद लिहून नेला होता. ठराव मी नंतर लिहिला, सही आधीची होती, सुखदेवनं सभेत बरोबर उलट सांगितलं होतं. खाली माझी सही. तिला म्हणालो की हे मी ग्रामसभेत उभं राहून वाचणार आहे, वर अर्जही करणार आहे, मग माझं जे व्हायचं ते होवो. शेवटचं वाक्य मी जरा जोरात बोललो. अशा वेळीही माणसाला आपण शूर दिसावं असं वाटतं, काय सांगू.

तिनं कागद दोनदा वाचला. "बाबांना माहीत होतं?"

"पाटी लागली त्या दिवसापासून."

तिनं तिच्याकडं येऊन राहिलेल्या कमलवहिनींना आतून बोलावलं. "काका, मला आता सांगितलंत ते आईसमोर सांगा," म्हणाली. मी परत सगळं सांगितलं. वहिनी ओल्या हातांनी उभ्याच होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले माहीत हाय. पाटी गाडली त्याच दिवशी त्यायनं सांगतलं. मी मनलं, जा, विचारा मधूभाऊले. तं मनत, त्याचे नोकरीचे दोनच वर्ष राह्यले, आता बोभाटा केला तं त्याची पेन्शन अडकन. राहू दे. माय काई पाटीवर राहत नाई."

सुखदेवा, तू मला वाचवलंस. आईच्या नावापेक्षा माझी नोकरी मोठी धरलीस, आणि ते मला कधी जाणवूही दिलं नाहीस. भागाबाईनं माझ्यासाठी तुला शेजारणीकडं टाकलं आणि तू माझ्यासाठी तुझी पोर गमावलीस. तुमच्या घराण्यानं माझ्यात काय पाहिलं मला कळत नाही. आभार मानायला शब्द नाहीत म्हणायची पद्धत आहे, पण माझ्याकडं शब्द होते. तेच मी दिले नाहीत.

प्रज्ञानं आईकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "काका, तुम्हाला रिटायर होऊन सहा वर्षं झाली. मी कागद काढला त्याला दोन वर्षं झाली. बाबा आठ दिवस सावंगीत होते. तेव्हा काय अडलं होतं?"

मी शोधून पाहिलं. विजूभाऊ कधीचाच नागपूरला राहायला गेलाय. आई गेली. पेन्शन सुरू आहे. काहीच अडलं नव्हतं. तू तिथं असतास तर माझ्या वतीनं तूच काहीतरी कारण काढलं असतंस. मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "लाज वाटत होती."

ती म्हणाली, "आता मलाही वाटते. मी पाच पावलांवर बसून होते. तुम्ही ग्रामसभेत जाऊन माफी मागाल, लोक माफही करतील. मी कुणाकडं जाऊ?"

मी उठलो. वहिनी फाटकापर्यंत आल्या. प्रज्ञा तो कागद हातात धरून तशीच बसून होती.